काढा की ठेवा: विकिपीडियावरच्या वगळण्याच्या चर्चांचा अभ्यास कसा सुरू करायचा

मागच्या सत्रात तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजी विकिपीडियावर लेख काढून टाकण्याबद्दल झालेल्या चाळीस चर्चा तिने वाचल्या होत्या. काढा म्हणणारे किती, ठेवा म्हणणारे किती आणि शेवटी निकाल काय, असे तीन रकाने पाडून सगळं नीट मांडलं होतं. सहा ओळींना लाल पेनाने गोल केले होते. त्या सहा ठिकाणी ठेवा म्हणणारे जास्त होते, तरी लेख गेला होता. "मॅडम, माझं मोजायला चुकलं का?"

मोजणी अगदी बरोबर होती. पण त्या चर्चांमध्ये निकाल डोकी मोजून लागतच नाही, आणि हे तिला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दोन आठवड्यांची मेहनत तिला पुन्हा करावी लागली. नाशिकमध्ये पत्रकारिता, समाजशास्त्र, मराठी आणि संगणक अशा चारही विभागांतून आता प्रकल्पासाठी हा विषय घेणारी मुलं येतात. प्रत्येकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

विषय विकिपीडियाचाच का घ्यायचा, ते आधी सांगते. फेसबुकवरची पोस्ट किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ गेला तर आपल्याला फक्त गेल्याचं कळतं. कोणी काय युक्तिवाद केला, कोणाचं म्हणणं मान्य झालं, हे कंपनीच्या आत राहतं. विकिपीडियावर लेख काढायचा प्रस्ताव कोणी मांडला, त्यावर कोण काय म्हणालं, निर्णय कोणी, किती वाजता आणि काय कारण देऊन दिला, हे सगळं उघड्यावर असतं आणि वीस वर्षांपूर्वीचंही जपलेलं असतं. माणसं एकत्र बसून 'हे राहील, हे जाईल' असं कसं ठरवतात ते पाहायचं असेल, तर नवख्या माणसाला याच्याइतकी उघडी जागा दुसरी मला माहीत नाही.

लेख कोणकोणत्या दारांनी बाहेर जातो

इंग्रजी विकिपीडियावर मुख्य दारं तीन आहेत. ती वेगळी ओळखता आली नाहीत तर पुढचं सगळं बिघडतं.

पहिलं दार तातडीने वगळण्याचं. इथे चर्चा होत नाही. ठरलेली कारणं आहेत आणि प्रत्येकाला अक्षर-आकड्याची खूण आहे: जी११ म्हणजे निव्वळ जाहिरात, जी१२ म्हणजे दुसरीकडून उचललेला मजकूर, ए७ म्हणजे व्यक्ती किंवा संस्था का महत्त्वाची आहे हेच लेखात कुठे आलेलं नाही. एखादा सदस्य खूण लावतो, प्रचालक (पानं वगळण्याचे अधिकार असलेला सदस्य) पाहतो, लेख जातो. कधी कधी हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

दुसरं दार प्रस्तावाचं. लेखावर सूचना लावायची आणि सात दिवस थांबायचं. कोणीही हरकत घेतली, अगदी ती सूचना नुसती काढून टाकली, तरी प्रस्ताव संपला. कोणीच काही बोललं नाही तर लेख वगळता येतो.

तिसरं दार चर्चेचं. २००५ च्या ऑगस्टपर्यंत या जागेच्या नावातच 'मतदान' हा शब्द होता. तो मुद्दाम काढला, कारण लोक खरंच मतदान समजून माणसं गोळा करून आणायला लागले होते. नाव बदललं, तरी सवय म्हणून आजही प्रत्येक जण ठळक अक्षरांत 'ठेवा' किंवा 'काढा' लिहून सुरुवात करतो. माझी विद्यार्थिनी फसली ती या ठळक अक्षरांमुळेच. चर्चा साधारण सात दिवस चालते. २००९ पर्यंत ही मुदत पाच दिवसांची होती. पुरेसं बोलणं झालं नसेल तर आणखी सात दिवस वाढवतात. निकाल काढा-ठेवा या दोनच प्रकारांत बसत नाही: दुसऱ्या लेखात विलीन करा, पुनर्निर्देशन करा (म्हणजे ते नाव उघडलं की दुसरा लेख उघडेल असं करा), किंवा 'एकमत नाही'. एकमत नसेल तर लेख राहतो. निकाल पटला नाही तर त्याच्या फेरविचाराची वेगळी जागा आहे.

बहुतेक लेख पहिल्याच दाराने जातात, हे लक्षात ठेवा. गायगर आणि फोर्ड या अभ्यासकांनी २०११ मध्ये या प्रक्रियेची पाहणी केली. वगळण्याच्या कामात जुन्याजाणत्या, थोड्याच सदस्यांचा वाटा मोठा असतो, आणि वगळलेल्या लेखांपैकी बहुसंख्य लेख खोडसाळपणाचे किंवा निरर्थक नसतात. ते ज्ञानकोशात शोभण्यासारखे असतात पण नियमांत बसत नाहीत, असं त्यांना आढळलं. म्हणून 'मी विकिपीडियावरची वगळणी अभ्यासली' असं लिहून फक्त तिसऱ्या दाराच्या चर्चा पाहिल्या असतील, तर अभ्यासाचं नाव मोठं आणि पोट लहान झालं. 'चर्चेला आलेले लेख' असंच लिहा.

एक चर्चा हळू वाचून पाहा

नमुने गोळा करायच्या आधी दहा चर्चा नुसत्या वाचा. एकही आकडा लिहायचा नाही. कसं वाचायचं ते एका रचलेल्या उदाहरणातून दाखवते.

समजा, पंचवटीतल्या एका जुन्या तालमीवर लेख आहे. प्रस्ताव मांडणारा लिहितो की शोधलं तेव्हा तालमीचं स्वतःचं फेसबुक पान सोडून काही मिळालं नाही. पहिलं उत्तर: 'ठेवा. नाशिकमध्ये लहान मुलालाही ही तालीम माहीत आहे.' दुसरं: 'ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.' तिसरं: 'ठेवा. माझे आजोबा इथेच कुस्ती शिकले.' हे लिहिणारं खातं त्याच सकाळी उघडलेलं आहे. चौथं: 'काढा, प्रस्तावात म्हटल्याप्रमाणे.' पाचव्या दिवशी एक जण येतो आणि लिहितो की एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत या तालमीवर पूर्ण पान आलं होतं, अमुक तारखेला. शिवाय कुस्तीच्या इतिहासावरच्या एका पुस्तकात सात पानं आहेत, पृष्ठक्रमांक हे. सहाव्या दिवशी 'काढा' म्हणणाऱ्याने आपल्याच शब्दावर आडवी रेघ मारून शेजारी 'ठेवा' लिहिलं.

या चर्चेत तीन 'ठेवा' पहिल्या दिवशीच आले होते, तरी लेख वाचवला तो पाचव्या दिवशी आलेल्या पृष्ठक्रमांकांनी. विकिपीडियाच्या भाषेत प्रश्न असतो उल्लेखनीयतेचा: विषयाशी संबंध नसलेल्या, भरवशाच्या स्रोतांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का? लहान मुलालाही माहीत असणं, वय असणं, आजोबांनी शिकणं, हे तिन्ही खरं असू शकतं, पण यातलं काहीच त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. चर्चा बंद करणारा प्रचालक नेमकं हे तोलतो. म्हणूनच पाच विरुद्ध दोन असूनही दोघांच्या बाजूने निकाल जातो.

ती आडवी रेघ मात्र नक्की टिपा. माणसाने जाहीरपणे मत बदललं, आणि कशामुळे बदललं तेही वरच्या ओळीत दिसतंय, असा पुरावा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहसा सापडत नाही. मला या सगळ्या चर्चांमध्ये सर्वांत मोलाची वाटते ती हीच जागा.

नवीन खात्यांचीही नोंद करा. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपला लेख काढतायत, सगळ्यांनी जाऊन ठेवा लिहा' असा निरोप फिरला की एका तासात दहा खाती येतात. जुने सदस्य अशा मतांखाली 'या खात्याने दुसरं काहीच संपादन केलेलं नाही' अशी टीप लावतात. त्या माणसांना वाईट वाटतं, आणि ते मी समजू शकते. आपल्या गावच्या गोष्टीसाठी ती धावून आलेली असतात. पण निकालात त्यांचं वजन पडत नाही.

पुरावा नाही, की पुरावा शोधला नाही

नाशिकच्या अभ्यासकाने आपलं सगळं लक्ष इथे लावावं असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांनुसार स्रोत ऑनलाइन असण्याची गरज नाही, इंग्रजीत असण्याचीही नाही. छापील मराठी दैनिकाचा साठ वर्षांपूर्वीचा अंक चालतो. पण सात दिवसांच्या चर्चेत, हजारो मैलांवर बसलेला सदस्य गूगलवर शोधून पाहतो आणि 'काही सापडलं नाही' असं प्रामाणिकपणे लिहितो. 'गावकरी'च्या किंवा 'देशदूत'च्या जुन्या फायलींत एखाद्या रंगकर्मीबद्दल, सहकारातल्या कार्यकर्त्याबद्दल, द्राक्षाच्या बागेत नवा प्रयोग करणाऱ्याबद्दल काय छापून आलंय, हे त्याला दिसायला मार्गच नाही.

म्हणून इंग्रजी विकिपीडियावर भारतातल्या विषयांच्या चर्चांची जी वेगळी यादी असते, तिच्यातून महाराष्ट्रातला, शक्य झालं तर आपल्या जिल्ह्यातला, एखादा वगळलेला लेख निवडा. मग टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात जाऊन तीन तास शोधा. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. गूगलच्या आधीचं जग अशाच कपाटांत आहे. काही सापडलं तर तारीख आणि पान टिपा. काही सापडलं नाही तर तेही टिपा, कारण मग चर्चेचा निर्णय बरोबर होता असं म्हणायला तुमच्याकडे स्वतःचा आधार झाला. तुमच्या तक्त्यात 'पुरावा नाही' आणि 'पुरावा शोधला नाही' असे दोन वेगळे रकाने झाले पाहिजेत.

हा फरक केवळ आपल्याकडचा नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेखाचा मसुदा २०१८ च्या मे महिन्यात परत पाठवला गेला, जोडलेल्या स्रोतांवरून उल्लेखनीयता दिसत नाही या कारणाने. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झालं. पाहणाऱ्याने समोर ठेवलेल्या स्रोतांपुरता निर्णय दिला होता आणि स्ट्रिकलंड यांचं काम त्या कागदांच्या बाहेर होतं. २०२१ मध्ये फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांच्या अभ्यासातून असंही पुढे आलं की स्त्रियांची चरित्रं एकूण चरित्रांतल्या त्यांच्या वाट्याच्या मानाने जास्त प्रमाणात वगळण्याच्या चर्चेला आणली जातात. कोणाबद्दल लिहून ठेवलं जातं आणि कोणाबद्दल नाही, याची जुनी असमानता चर्चेत उतरते. ती तुमच्या नमुन्यात दिसते का, हा पदवीच्या प्रकल्पाला पुरेल असा प्रश्न आहे.

प्रश्न एवढाच लहान ठेवा. 'ऑनलाइन समुदाय निर्णय कसे घेतात' हा आयुष्याचा विषय झाला. 'चर्चेत छापील मराठी स्रोत दिला गेला तेव्हा काय झालं' हा चार महिन्यांत होतो.

मराठी विकिपीडियावर काय वेगळं आहे

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इथे प्रचालक मोजके आहेत, नेहमी लिहिणारे सदस्यही मोजके. इंग्रजीसारखी रोजच्या चर्चांची लांबच लांब यादी शोधायला गेलात तर निराश व्हाल. लेखावर पान काढण्याचा साचा (सूचनेची तयार चौकट) लागतो, चर्चा पानावर दोन-चार ओळी होतात किंवा होतच नाहीत, आणि पान जातं. वाद मोठा असेल तर तो चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर येतो, नाहीतर एखाद्याच्या सदस्य चर्चा पानावर चालतो. म्हणजे एकाच लेखाबद्दलचं बोलणं तीन ठिकाणी विखुरलेलं असतं आणि ते तुम्हालाच जुळवावं लागतं.

सुरुवात नोंदींपासून करा. 'विशेष:नोंदी' या पानावर वगळण्याच्या नोंदी निवडता येतात. एका ओळीत वेळ, प्रचालकाचं नाव, पानाचं नाव आणि कारण असतं. कारणाच्या जागी कधी पूर्ण वाक्य, कधी एकच शब्द, कधी वगळलेल्या पानातलाच मजकूर आपोआप आलेला. शंभर ओळी हाताने वहीत उतरवून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण उतरवताना नजर बसते: अमुक दिवशी एकाच विषयावरची वीस पानं गेली, अमुक नाव तीनदा तयार होऊन तीनदा वगळलं गेलं. तिसऱ्यांदा तयार झालेलं पान दिसलं की थांबा. त्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी दुखावलेला माणूस असतो आणि चर्चा पानांवर त्याचं बोलणं सापडतं.

जास्त नोंदी हव्या असतील तर क्वारी नावाचं मोफत साधन आहे. विकिपीडियाच्या खात्याने आत गेलात की डेटाबेसच्या प्रतीवर प्रश्न चालवता येतो. संगणक विभागातला एखादा मित्र सोबत घ्या, तासाभराचं काम आहे. तिथे वेळ चौदा आकड्यांत येते, उदाहरणार्थ २०२४०३१५१८४५००: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पण ही वेळ आपली नव्हे. त्यात साडेपाच तास मिळवा. १५ मार्चच्या १८:४५ म्हणजे नाशिकमध्ये १६ मार्चची रात्रीची सव्वाबारा. 'रात्री वगळणी जास्त होते' असा निष्कर्ष घेऊन आलेल्या एका गटाचा अख्खा तक्ता या साडेपाच तासांनी सरकला होता. चर्चेतल्या सह्या वाचतानाही शेवटी कंसात कोणती वेळ लिहिली आहे ते पाहूनच उतरवा.

वगळलेल्या लेखाचा मजकूर तुम्हाला दिसणार नाही. तो नष्ट होत नाही, प्रचालकांना दिसतो, पण बाकीच्यांसाठी झाकलेला असतो. वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर प्रत असली तर नशीब. नसली तर अहवालात स्पष्ट लिहा की चर्चा वाचली, लेख पाहिलेला नाही.

चित्रांची चर्चा: सरावाला सोपी

मराठी चर्चा विखुरलेल्या आणि इंग्रजी चर्चा खूप, असं वाटून गोंधळलात तर विकिमीडिया कॉमन्सवरून, म्हणजे विकिपीडियात वापरायच्या चित्रांच्या मुक्त साठ्यावरून, सरावाला सुरुवात करा. तिथे प्रश्न बहुतेक वेळा प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) असतो, त्यामुळे युक्तिवाद कायद्याच्या कलमांवर चालतो आणि ओळखायला सोपा जातो. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा किंवा इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. चौकातल्या पुतळ्याचा फोटो त्यामुळे राहतो. त्याच चौकात गणपतीत लावलेल्या फ्लेक्सचा फोटो जातो, कारण फ्लेक्सवरचं चित्र सपाट आहे, तात्पुरतं आहे आणि त्याचे हक्क चित्र करणाऱ्याकडे आहेत.

लेखकांचंही तसंच. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो. कुसुमाग्रजांचं निधन १९९९ मधलं; त्यांची कविता २०५९ संपेपर्यंत मुक्त होत नाही. कोणी प्रेमाने अख्खी कविता मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त साहित्याच्या संग्रहावर, चढवली तर ती काढावीच लागते. काढणाऱ्याला कवितेबद्दल आदर नाही असा त्याचा अर्थ लावू नका. नाशिकच्या मुलांकडून ही चूक हमखास होते.

तक्ता भरणं आणि एकमेकांना तपासणं

नमुना निवडताना गाजलेली भांडणं उचलू नका. ती वाचायला रंगतदार असतात, पण रोजचं काम त्यांच्यासारखं नसतं. एक आठवडा चिठ्ठी टाकून निवडा आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या चर्चा घ्या. मोठ्या आकड्यांचा अभ्यास करायचा असेल तर इंग्रजी विकिपीडियावरच्या २००५ ते २०१८ या काळातल्या साडेतीन लाखांहून जास्त चर्चांचा तयार संच कॉन्वोकिट या मोफत संग्रहात आहे. पण आधी तीस चर्चा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, मगच संगणकाकडे द्या.

तक्त्यात प्रत्येक मतासाठी एक ओळ: दिवस कितवा, खातं जुनं की नवं, काय म्हणणं, कारणाचा प्रकार, स्रोत दिला का, मत नंतर बदललं का. कारणांचे प्रकार आधीच पुस्तकातून ठरवू नका, दहा चर्चा वाचल्यावर स्वतः पाडा. चर्चा बंद करताना प्रचालकाने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात घ्या. कधी तिथे नुसता निकाल असतो, कधी चार परिच्छेदांचा तर्क. तर्क लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या चर्चांमध्ये फेरविचाराची मागणी कुठे जास्त होते, ते पाहण्यासारखं आहे.

एकच माणूस प्रकार ठरवत असेल तर त्यात त्याची आवडनिवड उतरते. म्हणून दोघांनी एकाच तीस चर्चा वेगवेगळ्या खोलीत बसून भरायच्या. समजा, निकाल पुराव्यावर लागला की नाही, एवढंच दोघे ठरवताय. तीसपैकी चोवीस ठिकाणी जुळलं म्हणजे ऐंशी टक्के, छान वाटतं. पण दोघांनीही वीस वेळा 'हो' आणि दहा वेळा 'नाही' लिहिलं असेल तर नुसत्या योगायोगानेही सुमारे छप्पन्न टक्के जुळणारच होतं. तो योगायोग वजा करून जे उरतं त्याला कप्पा म्हणतात. इथे तो ०.५५ येतो. मी ०.६ च्या खाली असेल तर मुलांना थांबवते. न जुळलेल्या सहा चर्चा समोर ठेवून दोघांनी मोठ्याने वाद घालायचा. प्रकारांची व्याख्या कुठे सैल आहे ते त्या वादातच कळतं.

नियम बदलतात, हे तक्ता भरताना विसरू नका. इंग्रजी विकिपीडियावर माध्यमिक शाळांवरचे लेख बरीच वर्षं जवळपास आपोआप राखले जात. २०१७ च्या सुरुवातीला मोठी चर्चा होऊन ही सवय मोडली. २०१२ मधली शाळा राहिली आणि २०१९ मधली गेली, एवढ्यावरून 'समुदाय कठोर झाला' म्हणू नका. प्रत्येक ओळीत वर्ष लिहा, आणि त्या वर्षी लागू असलेला नियम नियमाच्या पानाच्या इतिहासातून काढून वाचा.

निर्णय कोणाचा होता तेही पाहा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एएनआय ही वृत्तसंस्था आणि विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था यांच्यातल्या खटल्याबद्दलचं इंग्रजी विकिपीडियाचं पान दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फाउंडेशनने बंद केलं. समुदायाने ते ठरवलेलं नव्हतं. ९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. असं पान तुमच्या नमुन्यात आलं तर वेगळं काढून ठेवा. त्यात समुदायाच्या चर्चेचा हात शोधू नका.

माणसांचं भान

या नोंदी उघड्या आहेत म्हणून माणसं आपली मालमत्ता होत नाहीत. इंग्रजी विकिपीडियावर सदस्य हजारो आहेत. मराठीत मोजके. 'एक ज्येष्ठ सदस्य, विदर्भातले, वनस्पतींवर लिहिणारे' एवढं लिहिलंत तरी ओळखणारे ओळखतात. वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं की शोधयंत्रात टाकून कोणीही नावापर्यंत पोचतं. शक्य तिथे आशय आपल्या शब्दांत सांगा. दुसरीकडे, विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्यात आहे आणि लिहिणाऱ्याला श्रेय द्या असं तोच परवाना सांगतो. श्रेय द्यायचं की नाव झाकायचं, हा खरा पेच आहे. मी मुलांना सांगते: लांब उतारा हवाच असेल तर त्या सदस्याला त्याच्या चर्चा पानावर विचारा, तो म्हणेल तसं करा. बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात. कोणी नको म्हटलं तर विषय तिथेच संपतो.

आणि प्रयोग करू नका. खोटा लेख टाकून तो किती वेळात जातो ते पाहायचा मोह दरवर्षी एखाद्या गटाला होतो. तो लेख पाहणारा, तपासणारा, काढणारा माणूस पगार न घेता, रात्री घरचं आवरून बसलेला असतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या कर्नलमध्ये (गाभ्यामध्ये) मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवून पाहिल्याचं उघड झालं, तेव्हा त्या अख्ख्या विद्यापीठाचं योगदान घेणंच काही काळ थांबवलं गेलं. विकिपीडिया ही प्रयोगशाळा नव्हे, असं इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणात स्पष्ट लिहिलं आहे. अभ्यास चालू असताना त्याच चर्चांमध्ये मतही देऊ नका. राहवलं नाही आणि दिलंत, तर ती चर्चा नमुन्यातून काढा.

काम सुरू करण्यापूर्वी चावडीवर चार ओळी लिहा: आम्ही अमुक महाविद्यालयाचे विद्यार्थी, अमुक काळातल्या वगळण्याच्या नोंदी वाचत आहोत, कोणाचं नाव छापणार नाही, हरकत असेल तर इथे सांगा. उत्तर यायला आठवडा लागू शकतो. झालेल्या कामाचा दोन पानी सारांशही तिथेच, मराठीत ठेवा, आणि महाविद्यालयात अहवाल द्यायच्या निदान पंधरा दिवस आधी ठेवा. ज्यांच्या निर्णयांबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचतील, एखादी नोंद चुकीची समजलात तर दाखवतील, आणि दुरुस्तीला तुमच्या हाती वेळ असेल. वाचनालयात शोधताना एखाद्या वगळलेल्या विषयाचे छापील स्रोत सापडले असतील, तर त्यांची यादी तारखा आणि पृष्ठक्रमांकांसह त्याच सारांशाखाली जोडा.